मी म्हणे टानेके

झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की नवऱ्याला सांगितलं तर तो हसेल आणि कूस बदलून झोपेल, म्हणून इथे लिहितेय.

आज वाचनाच्या ग्रुपमध्ये ते मोत्याच्या डुलाचं पुस्तक होतं, 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग', डच चित्रकार व्हर्मीर आणि त्याच नावाच्या त्याच्या चित्रासाठी बसलेल्या कामवाल्या पोरीची कादंबरी. इतकी वर्षं हॉलंडमध्ये राहून ते आत्ता वाचतोय म्हणून आधी सगळ्यांनी एकमेकींना टोमणे मारून घेतले, आणि मग कुणीतरी म्हणालं चला, आपापलं पात्र निवडा. मी तेव्हा किचनमध्ये वडे तळत होते. घर माझं नाही बरं का, तेल माझं नाही, साबुदाणा मीच भिजवून नेलेला, आणि तळायला मीच कारण "तुझे फुटत नाहीत". ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत वाटप संपलेलं. ती सोळा वर्षांची रंगाची नजर असलेली पोरगी तिघीचौघींनी एकदम घेतली होती. एकीने मारिया थिन्स, म्हणजे चित्रकाराची सासू, कारण तिजोरीची किल्ली तिच्याकडे. एकीने कातारिना, म्हणजे त्याची बायको, फक्त कपड्यांसाठी. खुद्द व्हर्मीर कुणालाच नको होता, हे मला फार आवडलं. आणि मग आमच्यातली सगळ्यात लहान, नवीनच आलीये, गोड आहे हो, माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही तर अगदी टानेके!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. चटणी संपत आली होती ती आणायला परत आत गेले.

टानेके. घरातली जुनी कामवाली. पुस्तकात जरा फुगणारी, कौतुकाला भुकेली, नव्या पोरीकडे साहेबांचं लक्ष गेलं की आदळआपट करणारी. आता हिला नक्की काय म्हणायचं होतं? जाड? की हातात कायम भांडं? की आपली नेहमीची भरवशाची, असली तर हवीच पण जिच्याकडे कुणी दोनदा वळून बघणार नाही अशी? चांगल्या मनाने म्हणाली असेल. चांगल्या मनानेच म्हणाली, म्हणून तर लागलं. वाईट हेतूने बोलली असती तर मी तिथेच उत्तर दिलं असतं, मला उत्तरं सुचतात, आईच म्हणायची हिच्या तोंडाला... जाऊ दे, आईचं नको आत्ता.

पण खरंच, कुणीतरी एकदा तरी मला ती मोतीवाली मुलगी म्हणायला काय हरकत होती. म्हणजे आता या वयात नाही म्हणत मी. पण कधीच? कॉलेजच्या नाटकातही मी प्रॉम्प्टर होते.

तर घरी आल्यावर मी ते केलं जे मी राग आला की करते, शोधत बसले. टानेके खरी होती! पूर्ण नाव टानेके एव्हरपूल. डेल्फ्टमध्ये औदे लांगेनडाइकवर मारिया थिन्सचं घर होतं, जावई व्हर्मीर, मुलगी आणि नातवंडं सगळी तिथेच, आणि ही तिथे कामाला. नातवंडं म्हणजे किती, तर व्हर्मीर १६७५ मध्ये गेला तेव्हा अकरा मुलं हयात. अकरा! त्या चित्रांमधली शांतता बघून कुणाला वाटेल का की भिंतीपलीकडे इतकी पोरं बोंबलत असतील, आणि त्यांचं हगणंमुतणं कोण निस्तरत असेल ते सांगायला नकोच.

आणि हिचं नाव आपल्याला कळलं कसं, तर साक्षीमुळे. कातारिनाचा भाऊ विलेम हे एक प्रकरण होतं. काम नाही धंदा नाही, येऊन आईला शिव्या द्यायचा, घरासमोर बघ्यांची गर्दी जमायची. १६६३ मध्ये तो कातारिनाच्या अंगावर काठी घेऊन धावून गेला, साधी काठी नाही, टोकाला लोखंडी खिळा असलेली, आणि ती तेव्हा अगदी दिवस भरत आलेली गरोदर. मध्ये कोण पडलं? टानेके. १६६६ मध्ये नोटरीसमोर तिने आणि आणखी काहींनी हे सगळं सांगितलं, मारिया थिन्सनेच सांगायला लावलं, आणि तो कागद डेल्फ्टच्या दप्तरात राहिला. जॉन मायकल माँटियास नावाच्या अमेरिकन प्रोफेसरने, तो मुळात अर्थशास्त्राचा माणूस, वर्षानुवर्षं ती दप्तरं उपसून व्हर्मीरच्या घरादाराचे कितीतरी कागद जगासमोर आणले.

आणि व्हर्मीर कुठे होता तेव्हा? वर असेल. स्टुडिओत. माझा आपला संशय.

ही डच माणसं सगळं लिहून ठेवतात. आमच्या वेंगुर्ल्यात त्यांची वखार आहे, पडकी, झाडंझुडपं उगवलेली, लहानपणी तिथे जायला बंदी होती म्हणून आम्ही तिथेच जायचो. ज्या वर्षांत इथे डेल्फ्टमध्ये हा विलेम काठी फिरवत होता त्याच काळात त्या वखारीतले डच शिवाजी महाराज आज कुठे निघाले, उद्या कुठे असतील याची पत्रं पाठवत होते. १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हाचंही यांच्या लोकांनी लिहून ठेवलंय. कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाला काठी उगारली, सगळं कागदावर.

आमच्या घरातही एक काठी होती. ते कुणी लिहिलेलं नाही. मध्ये कोण पडलं होतं तेही नाही. मीही नाही लिहिणार, आज तरी नाही.

तर मुद्दा टानेकेचा. व्हर्मीरच्या चित्रातली दूध ओतणारी बाई आठवा, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधली. ती टानेकेच असं पुस्तकात आहे. पुरावा काही नाही, पण घरातली धष्टपुष्ट बाई हाताशी असताना बाहेरून कोण आणणार असं मलाही वाटतं. आणि ते चित्र मी इतक्यांदा बघितलंय की पाहुणे आले की मीच गाईड. तिच्या बाह्या वर केलेल्या आहेत आणि मनगटापासूनचा हात रापलेला, वरचा गोरा, म्हणजे हा रोज कामाचा हात आहे, चित्रापुरता नाही. ॲप्रनचा निळा हा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातून दगड यायचा, भयंकर महाग, दुसरे चित्रकार तो हात राखून लावायचे आणि या बुवाने कामवालीच्या ॲप्रनवर सढळ हाताने वापरला (आणि घरात उधारी, बरं का, ते येईल पुढे). तिच्या डोक्यामागे आधी भांडी टांगायची फळी रंगवली होती, २०२२ मध्ये तपासणीत दिसली. ती त्याने पुसली आणि नुसती भिंत ठेवली, खिळ्याची भोकं असलेली. सगळा पसारा काढला आणि तिला एकटीला उभं केलं. आता हे काय दोनदा वळून न बघणं झालं का?

त्याच राइक्सम्युझियममध्ये २०२३ च्या व्हर्मीरच्या मोठ्या प्रदर्शनात मोतीवाली हेगहून पाहुणी आली होती, मार्च संपायच्या आतच परत गेली, प्रदर्शन जूनपर्यंत होतं तरी. दूधवाली कुठे जाणार, तिचं घरच ते.

शिवाय मोतीवाली कुणीच नव्हती. म्हणजे ती कुणाचं पोर्ट्रेट नाहीये, नुसता चेहरा, डोक्याला तसलं फडकं गुंडाळून. मोत्याला कानात अडकवायला कडीसुद्धा नाही, नीट बघा, पांढऱ्या रंगाचे दोन फटकारे आहेत आणि तो मोती आपण डोक्यात तयार करतो. सगळ्यांना जी व्हायचंय ती एक हवेत लटकलेला मोती घातलेली, नाव नसलेली मुलगी. १८८१ मध्ये हेगच्या लिलावात तिला २ गिल्डर ३० सेंट मिळाले. आणि आमची दूधवाली? १६९६ च्या ॲमस्टरडॅमच्या लिलावात १७५ गिल्डर! त्या दिवशी व्हर्मीरची एकवीस चित्रं होती आणि तिच्यापेक्षा जास्त फक्त डेल्फ्ट शहराच्या देखाव्याला मिळाले, २००. साइजमध्येही दूधवाली मोठी आहे, उंचीला एक सेंटीमीटर, म्हणजे तिथेही आम्ही जाडच.

हे सगळं वाचून मला इतकं बरं वाटलं की मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणार होते. रात्री बारा वाजता. मग टाईप केलेलं पुसलं. काय म्हणतील, झालं, ताईंना लागलं वाटतं. आणि लागलंच आहे ना.

पण ती मुलगी व्हायचं मला का होतं हे काही केल्या सुटत नाहीये. खऱ्या कामवाल्यांकडे चित्रकारांचं लक्ष गेलं की काय होतं त्याचेही कागद आहेत की. रेम्ब्राँट. बायको गेली, तान्ह्या तितुसला सांभाळायला गेर्टये डिर्क्स आली, विधवा, आणि मग व्हायचं ते झालं, त्याने मेलेल्या बायकोचे दागिने हिला दिले. हे खरे दागिने हं, कडीवाले. १६४९ मध्ये प्रकरण कोर्टात, हिचं म्हणणं लग्नाचं वचन दिलं होतं, कोर्टाने वर्षाला २०० गिल्डर ठरवून दिले, हिने दागिने गहाण टाकले, आणि पुढच्या वर्षी याने खटपट करून हिला गौडाच्या बायकांच्या कोंडवाड्यात टाकलं. पाच वर्षं. चीजवालं गौडा, तेच. तोवर घरात दुसरी तरुण कामवाली होतीच. हे वाचल्यावर फुगून बसणारी, कौतुकाला भुकेली टानेके मला एकदम सुज्ञ वाटायला लागलीये. दूध ओत, पगार घे, काठी आली तर मध्ये पड, साक्ष दे, घरी जा.

तरी. तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

बरं, आता एक वाजलाय आणि मला हसू यायला लागलंय, कारण वाचता वाचता मला माझं खरं पात्र सापडलं. हेंड्रिक व्हान बाउटेन, बेकर. व्हर्मीरच्या घरची पावाची उधारी साठत साठत ६१७ गिल्डर झाली होती, अकरा पोरं म्हटल्यावर होणारच, आणि तो मेल्यावर जानेवारी १६७६ मध्ये कातारिनाने त्या बदल्यात दोन चित्रं बेकरला दिली. पाव विकून दोन व्हर्मीर घरात! कुणावर प्रेम नाही, कुणाच्या नजरेची वाट बघणं नाही, वही काढायची आणि हिशोब दाखवायचा.

तर पुढच्या वेळी मीही वही नेणारे. आत्तापर्यंतचे साबुदाणा वडे, दोन वेळचे दडपे पोहे, आणि ती दिवाळीची चकली जी "थोडीशीच कर" म्हणून सगळ्यांच्या डब्यात गेली. गोड पोरीच्या नावावर सगळ्यात जास्त निघतील, ती डबा घेऊन जाते.