एआय शिकायला गेलीस, मग लँग्वेज थिअरी कशाला?

घरातलं कार्य असो की कॉलेजच्या मैत्रिणींची भेट, हा प्रश्न ठरलेला: "एडिंबराला एआय शिकायला गेलीस ना, मग निम्मे विषय त्या प्रोग्रॅमिंग लँग्वेज थिअरीचे का घेतलेस?" काकांचा त्याला जोडप्रश्न असतो, "म्हणजे आता किती लँग्वेज येतात?" काका, पूर्वी येत होत्या तेवढ्याच. प्रोग्रॅम न चालवता त्याच्याबद्दल खात्रीने काय सांगता येतं, हे त्या विषयात शिकवतात. लॅम्डा कॅल्क्युलस म्हणजे फंक्शनांचं गणित, टाइप सिस्टिम म्हणजे कुठली वस्तू कुठल्या प्रकारची (टाइपची) याचे नियम, सिमँटिक्स म्हणजे प्रोग्रॅमचा नेमका अर्थ. बरंचसं काम वहीवरच.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर 1973 मध्ये एडिंबराला आले. त्याच वर्षी लाइटहिल अहवालाने ब्रिटनमधल्या एआय संशोधनावर कडक टीका केली आणि पैशाचा ओघ आटला. एडिंबराच्या डोनल्ड मिची यांच्या गटाचा फ्रेडी हा रोबॉट लाकडी खेळण्यातली गाडी जोडून दाखवत होता, तरीही. मिल्नर यांना वेगळीच अडचण सोडवायची होती. स्टॅनफर्डला त्यांनी सिद्धता तपासणारी एलसीएफ नावाची प्रणाली केली होती, पण तिच्यात सिद्धतेची एकेक पायरी साठवताना मेमरी संपायची. एडिंबरात त्यांनी पायऱ्या साठवणंच सोडून दिलं. 'प्रमेय' हा एक टाइप केला आणि त्या टाइपची वस्तू फक्त तर्काच्या मोजक्या नियमांतूनच तयार होईल अशी व्यवस्था केली. हे सगळं लिहायला जी प्रोग्रॅमिंगची भाषा लागली, ती एमएल, म्हणजे 'मेटा लँग्वेज'; मशीन लर्निंग नव्हे.

माझा जीव जडला तो इथे. सिद्धता शोधणारा प्रोग्रॅम कितीही बावळट असू दे. तो भरकटेल, अडकून पडेल, पण खोटं प्रमेय त्याला बनवताच येणार नाही. टाइपचे नियम पाळलेत का हे तपासणारा टाइपचेकर मध्ये उभा आहे. ते मोजके नियम तेवढे बरोबर हवेत. शोधणाऱ्यावर विश्वास टाकावा लागत नाही, ही सोय फार मोठी आहे.

आता 2024 कडे या. गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री 2 यांनी मिळून गणित ऑलिंपियाडमधले 6 पैकी 4 प्रश्न सोडवले, म्हणजे रौप्यपदकाच्या पातळीची कामगिरी. अल्फाप्रूफ उत्तर लिहितं ते लीन या सिद्धता लिहायच्या भाषेत, आणि लीन ते तपासतं. अंदाज बांधणारा एक, अडवणारा दुसरा. मांडणी तीच, फक्त शोधणारा आता भलताच हुशार झालाय. मॉडेलने लिहिलेला कोड 'दिसतो तर बरोबर' म्हणून पुढे ढकलणाऱ्यांच्या गर्दीत मला अडवणाऱ्याच्या बाजूचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक मेख आहे. ऑलिंपियाडचे ते प्रश्न लीनमध्ये माणसांनीच उतरवून दिले होते. प्रश्न उतरवतानाच चूक झाली, तर तपासनीस भलत्याच विधानावर आनंदाने शिक्का मारेल. आपल्याला नेमकं काय हवंय, हे काटेकोर लिहिणं अजून कुणाला फारसं जमलेलं नाही, आणि थिअरीच्या तासांना खरं डोकं शिणतं ते तिथेच.

आता तुमची मुलगी किंवा भाचा हे विषय घेऊ का म्हणून विचारत असेल, तर त्याचं उत्तर वेगळं. एआयमध्ये पटकन नोकरी हवी असेल तर आधी प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं करा. टाइप थिअरी आवडली तरच घ्या. मार्कांसाठी तर मुळीच नको.