दोन क्रेडिटांची गिरणी

बीए वनचा फॉर्म खिडकीतून परत आला तो लाल गोल घेऊनच. गोल ‘ओई’च्या रकान्याभोवती होता. मी तिथं ‘भाषा आणि समाज’ लिहिलं होतं. सगळ्या यादीत ‘भाषा’ हा शब्द असलेला तेवढा एकच पेपर होता, म्हणून डोळे मिटून लिहिलेलं. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तू आर्ट्सची ना गं? मग हे तुला नाही. हे कॉमर्स-सायन्सवाल्यांना.”

ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. नावात ओपन आहे, पण नियम असा की हा विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. म्हणजे भाषेचा पेपर आमच्याच बिल्डिंगीत, शिकवणार आमचेच सर, आणि बसणार कोण, तर बीकॉमची पोरं. त्यातल्या निम्म्यांनी तो ‘सकाळी साडेसातला असतो, लवकर सुटतो’ म्हणून घेतलेला. माझ्या वाट्याला आलं मूलभूत संख्याशास्त्र. त्या दिवशी सोलापूरच्या सातरस्त्यापर्यंत चालत गेले. रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही, इतका राग.

भाषाविज्ञानाचं खूळ माझ्या डोक्यात तिसरीपासूनचं. आमच्या घरी कन्नड. बाळीवेशीत आमच्या तीन पिढ्या गेल्या, दुकानातला व्यवहार सगळा मराठीत, पण उंबरा ओलांडून आत आलं की अव्वा, म्हणजे आई, विचारणार, “ऊटा आतेन?” जेवण झालं का. शाळा मराठी. तिसरीत बाईंनी ‘चूल’ वाचायला सांगितलं आणि मी ‘चिमणी’तला च लावून वाचलं. वर्ग खिदळला. कन्नडात च एकच. मराठीत दोन, आणि लिहायला दोन्ही सारखेच, त्यामुळं पुस्तक बघून काही कळत नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण तेलुगू घरातली. ती मात्र ‘चूल’ अगदी बरोबर म्हणायची. मला प्रश्न पडायचा, हिच्या घरीही मराठी नाही, मग हिला कसं जमतं? तेलुगूतही असे दोन च आहेत, हे मला कळायला पुढं दहा वर्षं गेली. तेव्हा मी फक्त आरशासमोर उभी राहून ‘चिंच’ घोकत होते. त्या एका शब्दात पहिला च एक आहे आणि दुसरा दुसरा. म्हणून बघा.

बारावीनंतर मी तीन कॉलेजांत जाऊन विचारलं, भाषाविज्ञानात बीए करता येईल का. एका ठिकाणी ‘म्हणजे व्याकरण का?’ विचारलं, दुसरीकडं ‘ते पुण्याला’ म्हणून सांगितलं, तिसरीकडं बीएड करण्याचा सल्ला मिळाला. पुण्याला पाठवायला अप्पा तयार नव्हते. “आधी इथली डिग्री हातात घे, मग बघू.” तेव्हा मराठी मेजर, इंग्रजी मायनर, आणि भाषाविज्ञान मिळेल त्या फटीत, असं मी ठरवलं. मी म्हणजे जून २०२४ची बॅच, नव्या शैक्षणिक धोरणातली. आमच्या आधीच्यांना विचारावं तर त्यांचा पॅटर्न वेगळा. विचारायला पुढं कुणीच नव्हतं.

हिशोब तसा सोपा आहे. सेमला, म्हणजे सहामाही सेमिस्टरला, २२ क्रेडिट, सहा सेमचे १३२. त्यातले निम्मे तरी मेजरचे. उरलेल्यात मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, सीईपी, एफपी, ओजेटी. अप्पांना ही औषधांची नावं वाटतात. वर्गात शिकायच्या पेपरला १५ तासांचा एक क्रेडिट, प्रत्यक्ष कामाला ३० तासांचा एक. एवढं एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं रकाने भरणं. माझी चूक ही झाली की मी एका वेळी एकाच सेमचा फॉर्म बघत होते. नंतर नवी पेठेत जाऊन सहाही सेमच्या आराखड्याच्या झेरॉक्स काढल्या, त्या एकाखाली एक चिकटवल्या आणि कपाटाच्या दारावर लावल्या. तेव्हा दिसलं की तिसऱ्या सेमला एफपी म्हणजे फील्ड प्रोजेक्ट आहे, दोन क्रेडिट, आणि विषय आपण सुचवायचा. मी त्याच्याभोवती गोल केला. लालच.

पण त्याआधी दुसऱ्या सेमला स्वयम्‌चा घोळ घातला. स्वयम्‌ म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. त्यावर भाषाविज्ञानाचे कोर्स असतात, फुकट असतात, आणि शिकवणारे आयआयटीतले. मी १२ आठवड्यांचा घेतला. दर आठवड्याला एक असाइनमेंट, त्यातल्या चांगल्या ८ धरून २५ टक्के, बाकी ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. परीक्षेची फी वेगळी भरायची. स्वनिम, रूपिम, वाक्यरचनेची झाडं, सगळं इंग्रजीत. रात्री अव्वा भाकरी थापत असताना मी ओट्याच्या टोकाला मोबाईल टेकवून बघायची. एकदा व्हिडिओत ‘प’ आणि ‘फ’चा फरक दाखवायला सरांनी तोंडासमोर कागद धरला, मी पोळपाटावरच्या पिठासमोर तोंड धरून बघितलं. ‘प’ला पीठ हलत नाही, ‘फ’ला उडतं. मग अव्वाचं तोंड सुटलं, ते वेगळं.

पास झाले. सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात गेले तर कळलं, याचे क्रेडिट धरता येणार नाहीत. स्वयम्‌चे क्रेडिट डिग्रीत घेता येतात, युजीसीचे २०२१चे नियम तर ४० टक्क्यांपर्यंत मुभा देतात. पण कुठला कोर्स कुठल्या पेपरच्या जागी, हे कॉलेजनं आधी मंजूर करायला लागतं. मी आधी शिकले आणि मग विचारलं. “आधी अर्ज करायचा असतो, बाळ,” एवढंच खिडकीपलीकडून आलं. खरं तर हे सेम सुरू होताना कुठंतरी लावलेलं असतं तर अर्ज केला असता की. नोटीस बोर्डावर त्या महिन्यात रांगोळी स्पर्धेचाच कागद होता, तो मला अजून आठवतो. सर्टिफिकेट फाइलीत आहे. डिजिलॉकरमध्ये माझं एबीसीचं, म्हणजे क्रेडिटच्या बँकेचं, खातं उघडलं की तो कोर्स सोडून सगळं दिसतं.

आयकेएसचे, म्हणजे भारतीय ज्ञान प्रणालीच्या पेपरचे, दोन क्रेडिट मात्र वाया गेले नाहीत. पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांना एक तास मिळाला, म्हणजे सूत्राला सेकंदही नाही. पण असाइनमेंटसाठी मी हत्तरसंग कुडलला गेले. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथं. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे. ‘वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची ती ओळ. आम्ही मान वर करून करून ती शोधत होतो, आणि पुजारी मात्र खाली कुणाशी तरी कन्नडात बोलत होते. जुन्यात जुन्या मराठी लेखांतला एक, आणि त्याच्याखाली माझ्या घरची भाषा. असाइनमेंटमध्ये मी एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण १० पानं हवी होती.

तिसऱ्या सेमला वर्गात सर ‘आपण’ आणि ‘आम्ही’ शिकवत होते. आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून, आम्ही म्हणजे त्याला वगळून. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळं आला असं मानतात, असं ते म्हणाले. मी हात वर केला. “सर, आमच्या कन्नडात नाही. आम्ही दोन्हीला नावुच म्हणतो.” सर थांबले. मागच्या बाकावरून माझी तेलुगू मैत्रीण म्हणाली, “आमच्यात आहे. मनमु आणि मेमु.” मग सरांनी फळ्यावर सगळं मांडलं: मूळ द्राविडीत भेद होता, तेलुगूनं ठेवला, आजच्या कन्नडात उरला नाही. तास संपल्यावर मला म्हणाले, “फील्ड प्रोजेक्ट कशावर करणारेस? ‘सोलापुरातील चादर उद्योग’ देऊ नकोस हं, माझ्याकडं आधीच अकरा आलेत.”

आपण-आम्हीवर करावं असं आधी वाटलं होतं. पण आजीबाईंना ‘तुमच्या बोलण्यात मी येते का’ असं विचारायचं कसं? मग सापडलं ते जेवणबिवण. मराठीत शब्द पुन्हा म्हणताना पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ लावायचं: चहा-बिहा, लग्न-बिग्न, पुस्तक-बिस्तक. आमच्या कन्नडात ‘गि’: ऊट-गीट. तेलुगूतही ‘गि’: पनि-गिनि, म्हणजे काम-बिम. सर म्हणाले शीर्षकात ‘अंशाभ्यस्त शब्द’ लिही, ते वजनदार वाटतं. लिहिलं.

२४ शब्द, १५ माणसं, प्रत्येक भाषेची पाच. ६० तास भरायचे होते, माझे त्याहून जास्त झाले, कारण शहराच्या पूर्वभागात कुणी कामाच्या वेळी नुसतं बोलत बसत नाही. अशोक चौकाजवळ मैत्रिणीची आजी राहते. तिलाही सगळे अव्वाच म्हणतात. आमच्याकडं अव्वा म्हणजे आई, त्यांच्याकडं आजी, त्यामुळं पहिला अर्धा तास कोण कुणाची अव्वा यातच गेला. आजी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यातली कापलेली पानं, तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. पानावर चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, टोक नखानं आत दाबलं की झाली. नजर हातावर नव्हती, टीव्हीवर होती. मी शब्द म्हणायचा, तिनं न थांबता जोडशब्द सांगायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा होईपर्यंत माझे सात-आठ शब्द व्हायचे.

खरी मजा यादीच्या शेवटी होती. जो शब्द आधीच ‘बि’नं सुरू होतो त्याला मराठी माणूस काय करतो? ‘बिल’ला काय म्हणाल? शेजारचे काका म्हणाले, “बिलाला काय बिल? भरायचं आणि मोकळं व्हायचं.” दोघांनी ‘बिल-फिल’ केलं, दोघी नुसत्या हसल्या. तसाच तेलुगू आणि कन्नडसाठी ‘गि’चा शब्द हवा होता. सोलापुरात त्यासाठी शब्दकोश उघडायला लागत नाही. गिरणी. सगळ्या भाषांत तोच शब्द, सगळ्या घरांतून कुणी ना कुणी तिथं गेलेलं. आजीचे मालक तिथंच कामाला होते.

मी म्हटलं, “गिरणी?”

पहिल्यांदा तिचा हात थांबला. अर्धी वळलेली विडी तशीच बोटांत. मग म्हणाली, “गिरणी राहिली कुठं, बिड्डा, तिच्यामागं अजून एक लावायला?” आणि दोरा गुंडाळला.

तक्त्यात मी तिथं ‘उत्तर नाही’ लिहिलं. हे चुकीचं आहे हे मला माहीत होतं, पण तक्त्यात दुसरा रकाना नव्हता. टक्केवारी, सरासरी, तक्ते, सगळं त्या संख्याशास्त्राच्या ओईमधून आलेलं. त्याबद्दल लाल गोलवाल्या मॅडमचे आभार मानायला मी गेले नाही. ‘भाषा आणि समाज’च्या नोट्स मात्र खालच्या मजल्यावरच्या बीकॉमवालीकडून घेऊन पूर्ण वाचल्या. तिनं स्वतः वाचल्या नव्हत्या.

आता तिसऱ्या वर्षाचा फॉर्म समोर आहे. पाचव्या सेमला मेजरमध्ये एकदाचा भाषाविज्ञानाचा पूर्ण पेपर येतोय, चार क्रेडिट. त्यानंतर १३२ वर थांबायचं की चौथं वर्ष करून १७६ची ऑनर्स घ्यायची, हा प्रश्न घरात रोज निघतो. चार वर्षं केली तर एमए एका वर्षाचं, तीन केली तर दोन वर्षांचं; दोन्हीकडून पाचच होतात. अप्पांना हे पटवायला मला बोटं मोजून दाखवावी लागली. मला वाटतं तीनवर निघावं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि सीयूईटी-पीजी या एमएच्या प्रवेश परीक्षेला भाषाविज्ञानाचा वेगळा पेपर आहे. चौथं वर्ष इथं मराठीतच करायचं म्हणजे पुन्हा फटी शोधायच्या. अव्वाचं मत असं की पुण्यात कडक भाकरी मिळत नाही. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

एफपीचे क्रेडिट एबीसीत जमा झाले. तिथं शीर्षक येत नाही, नुसतं एफपी आणि पुढं दोन. ते सांगायला मी पेढे घेऊन आजीकडं गेले. दोन क्रेडिट म्हणजे किती रुपये, असं तिनं विचारलं. मग नातीला तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगू लागली, सासऱ्याचं, भोंग्याचं, पहाटे डबा घेऊन निघायचं, आणि त्या सगळ्या तेलुगूच्या मधोमध सहज म्हणून गेली, “गिरणी-बिरणी.”

मी मैत्रिणीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. रिपोर्ट बाइंडिंग होऊन कधीच जमा झालेला. माझ्याजवळची प्रत काढली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तारीख आणि तो शब्द लिहिला. आजीनं विचारलं, “काय लिहायलीस?” म्हटलं, काही नाही, अव्वा. पेढा घ्या.