एकल चेलो, ब्रेथ कंट्रोलर आणि अतिविचार: या टप्प्याची नोंद

एकल चेलोसाठी बांधलेली संथ चाल या टप्प्यात अखेरीस पूर्ण ध्वनिमुद्रित झाली. चाल सोपी आहे. लांब सुरांची, बहुतेक मंद्र आणि मध्य सप्तकांतच फिरणारी, तार सप्तकाला एकदाच स्पर्श करून परतणारी. तरीही तिला जो वेळ लागला तो सुरावटीमुळे लागला नाही, तर संगणकातील आभासी वाद्य प्रत्येक सुरासोबत जे निर्णय समोर मांडते त्यांमुळे लागला. म्हणून ही नोंद चालीपेक्षा त्या निर्णयांबद्दल अधिक आहे.

खऱ्या चेलोवर गजाचा दाब, त्याचा वेग आणि तो तारेवर नेमका कुठे टेकला आहे या तीन गोष्टी एकाच हाताच्या एकाच हालचालीत ठरतात, आणि त्यांच्यासोबत आवाजाची पातळी व नादाचा तजेला हेही एकत्रच बदलतात. मिडीमध्ये, म्हणजे वादनाची माहिती संगणकाला व वाद्यांना पोहोचवणाऱ्या मानकात, हीच हालचाल सुटी केली जाते: सूर सुरू होतानाची वेलॉसिटी (कळ दाबण्याचा वेग) वेगळी, मॉड्युलेशन (नादातील बदल) वेगळे, एक्स्प्रेशन (आवाजाची पातळी) वेगळे, व्हायब्रेटो (सुराचा कंप) वेगळा, पिच बेंड (सूर वर-खाली सरकवणे) वेगळा, आणि प्रत्येकासाठी पडद्यावर स्वतंत्र पट्टी. १९८३ साली हे मानक आले ते मुख्यतः कळफलक डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे कळ दाबली, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली एवढ्या माहितीभोवती. पियानोला ते बऱ्याच अंशी पुरते, कारण हातोडी तारेवर आदळल्यानंतर त्या सुराचे वादकाच्या हाती फारसे काही उरत नाही. गजाच्या आणि फुंकीच्या वाद्यांत मात्र सुराचे सारे आयुष्य त्याच्या आरंभानंतर घडते, आणि तेच आयुष्य आपण माउसने वक्ररेषा ओढून रचायला बसतो. एका दीर्घ सुरासाठी चार-पाच रेषा, आणि त्यांतील प्रत्येक रेषा केव्हाही पुन्हा बदलता येणारी. अतिविचाराला याहून सुपीक जमीन मिळणार नाही. त्याला मी स्वभावदोष मानत नाही. ज्या साधनात एक हावभाव पाच स्वतंत्र प्रश्नांत विभागला जातो, त्यात माणूस पाच वेळा विचार करणारच.

सुरुवातीचा आराखडा सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या वादकाच्या ध्वनिमुद्रित सुट्या सुरांवर, आधारित लायब्ररीत केला होता. तिचा नाद अतिशय सुंदर आहे. एकेक सूर सुटा ऐकला तर तक्रारीला जागा नाही. अडचण सूर एकमेकांना जोडताना येते. ध्वनिमुद्रण करताना त्या वादकाने प्रत्येक सुरात स्वतःचा व्हायब्रेटो घातलेला असतो, आणि तो आता त्या सुराचा कायमचा भाग असतो. माणसाचा व्हायब्रेटो साधारणपणे सेकंदाला पाच ते सात हेलकाव्यांचा असतो, पण चांगला वादक तो स्थिर ठेवत नाही. सूर आधी सरळ लावतो, मग हळूहळू कंप वाढवतो, कधी शेवटी पुन्हा विझवतो. सॅम्पलमध्ये ही वाटचाल ठरलेली असल्यामुळे माझा सूर तिच्यापेक्षा आखूड असेल तर कंप फुलण्याआधीच तो कापला जातो. त्यातच हळू आणि जोरकस वादनाचे थर एकमेकांत मिसळताना मधल्या पट्ट्यात दोन ध्वनिमुद्रणे एकाच वेळी ऐकू येतात, आणि एकल चेलोच्या जागी क्षणभर दोन चेलो वाजतात. मेलोट्रॉन या फितींवरचे सूर वाजवणाऱ्या कळफलक वाद्यात १९६०च्या दशकात प्रत्येक कळीमागे सुमारे आठ सेकंदांची फीत असे. साठवण कितीतरी पटींनी वाढली, पण हा मूळ पेच तसाच आहे. आभासी वाद्य मानवी अभिव्यक्ती पकडू शकते का, या प्रश्नाला सॅम्पलच्या बाबतीत माझे उत्तर असे की त्याने ती पकडलेलीच आहे, आणि तीच अडचण आहे: ती दुसऱ्या कोणाची आहे, दुसऱ्या संदर्भातली आहे आणि माझ्या चालीशी तिचे काही देणेघेणे नाही.

म्हणून चाल फिजिकल मॉडेलिंगच्या चेलोवर हलवली. या पद्धतीत ध्वनिमुद्रण वाजत नाही. तार, गज आणि लाकडी पेटी यांचे वर्तन गणिताने त्या क्षणी घडवले जाते. कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली छेडलेल्या तारेची पद्धत आश्चर्य वाटावे इतकी साधी होती: गोंगाटाचा छोटा तुकडा थोड्या विलंबाने पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या मूल्यांची सरासरी घ्यायची. आजची मॉडेले फार पुढे गेली आहेत, तरी नादाच्या श्रीमंतीत मला ती अजून सॅम्पलच्या मागे वाटतात. शिवाय काहीच माहिती न देता नुसती कळ दाबली तर मॉडेलचा चेलो निर्जीव वाजतो. मात्र तो उत्तर देतो. जितके द्यावे तितकेच परत मिळते, दुसऱ्याचे काही मध्ये येत नाही.

देण्याचे साधन म्हणून ब्रेथ कंट्रोलर, म्हणजे फुंकीचा दाब मिडीत उतरवणारे उपकरण, निवडला. फुंकीचा दाब थेट गजाच्या दाबाला जोडला आणि आवाजाची पातळी व तजेला त्याच्यामागोमाग चालतील असे केले. एक्स्प्रेशन एका ठरावीक मूल्यावर ठेवून ती पट्टी बंदच केली. व्हायब्रेटोची खोली डाव्या हाताच्या चाकावर आहे. मिंडेसाठी पिच बेंडचा आवाका वर-खाली एकेक सप्तक ठेवला आहे; इतर नियंत्रणांच्या १२८ पायऱ्यांच्या तुलनेत पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या आवाक्यातही एक पायरी सेंटच्या (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या) सहाव्या हिश्शाहून लहान राहते आणि मिंडेत टप्पे जाणवत नाहीत. नियम एकच पाळला: वाक्य पूर्ण वाजवायचे, आणि पटले नाही तर रेषा न दुरुस्त करता पूर्ण वाक्यच पुन्हा वाजवायचे.

अशा वादनाची रेषा पडद्यावर ओबडधोबड दिसते, आणि तिला गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा लागतो. तुलनेसाठी तेच वाक्य क्वांटाइझ करून, म्हणजे सूर तालाच्या नेमक्या जागी ओढून, त्यावर सॉफ्टवेअरचे ‘ह्युमनाइझ’ लावून पाहिले. सूर थोडे मागेपुढे झाले, पण वादन अधिक मानवी न वाटता केवळ निष्काळजी वाटले. कारण उघड आहे: ती सोय प्रत्येक सुराला स्वतंत्रपणे, दिशाहीन धक्का देते. वादकाच्या लयीतील चढउतार दिशाहीन नसतात. वाक्य संपत आले की लय किंचित सैल होते, चढाकडे जाताना ती पुढे सरकते, आणि या हालचालीत श्वासाचा दाबही सहभागी असतो. दोन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध तुटला की नुसती अनियमितता उरते.

येथे हार्पसिकॉर्डची आठवण ठेवणे मला उपयोगी वाटते. त्यावर कळ जोरात दाबून सूर मोठा होत नाही, म्हणून वादक सूर किंचित उशिरा लावून, आखूड किंवा लांब धरून, स्वरसमूह विखरून वाजवून भर देतात. नियंत्रणांची संख्या आणि अभिव्यक्तीची खोली यांचे नाते सरळ नाही, हे त्या वाद्याने शतकानुशतके दाखवले आहे. म्हणूनच २०१८ मध्ये प्रमाणित झालेले एमपीई (प्रत्येक सुराला स्वतंत्र नियंत्रण देणारा मिडीचा विस्तार) किंवा २०२० मध्ये आलेले, अधिक बारीक पायऱ्यांचे मिडी २.० यांच्याबद्दल या कामापुरता मला फारसा उत्साह नाही. एमपीईचा खरा लाभ एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांना वेगवेगळे वळण देण्यात आहे; एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या या चालीला त्याची गरज नाही. अधिक बारीक पायऱ्या ऐकायला चांगल्याच, पण माउसने काम करणाऱ्याच्या हाती त्या अधिक बारीक दुरुस्त्याच देतात.

दोन जागा अजून समाधानकारक नाहीत. मोठ्या स्वरांतराच्या उडीत मॉडेलचे लेगॅटो (सूर न तोडता जोडणे) फार सफाईदार होते; बोट तारेवर सरकताना जो किंचित ओरखडा असायला हवा तो नाही. गज उलटण्याची जागाही फुंकीने नीट सांगता येत नाही, कारण जीभ लावून श्वास तोडला की सूर नव्याने सुरू होतो आणि न तोडल्यास गज अनंत लांबीचा वाटतो. त्यासाठी गजाची दिशा पायाच्या स्विचला जोडली आहे. पुढच्या टप्प्यात दुसरा चेलो येईल आणि तो पहिल्याचे ध्वनिमुद्रण ऐकतच, तालाची टिकटिक बंद ठेवून वाजवायचा आहे. पहिल्याची लय जिथे सैल झाली आहे तिथे दुसऱ्याला आधाराला फक्त पहिल्याचा सूर असेल.