ईव्हशॅम ते केनिलवर्थ : सायमन दी माँटफर्टच्या मागावर

इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड करणारा सरदार, लेस्टरचा अर्ल सायमन दी माँटफर्ट १२६५ मध्ये ईव्हशॅमच्या लढाईत का हरला आणि मारला गेला, हे तिथली जमीन पायाखालून घातल्यावरच नीट उमजते. एव्हन नदीने गावाला तीन बाजूंनी वेढा दिला असून उत्तरेकडची ग्रीन हिल ही टेकडी शत्रूने अडवली आणि पूलही रोखला, की आतल्या सैन्याची कोंडीच होते. ४ ऑगस्टला राजाचा मुलगा, राजपुत्र एडवर्डने नेमके हेच केले.

लंडनच्या पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डमार्गे जाणारी रेल्वे सोयीची आहे. स्टेशनातून आधी टेकडीकडे चढावे आणि मग गावात उतरावे, म्हणजे लढाईचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. टेकडीवर बरीच जमीन खासगी असल्याने पायवाट सोडू नये. पावसानंतर चिखल होतो, तेव्हा बूट भक्कम हवेत.

ईव्हशॅमच्या जुन्या ख्रिस्ती मठापैकी आज उंच घंटाघर आणि मोजके अवशेष उरले आहेत. उद्यानातल्या हिरवळीवर १९६५ मध्ये बसवलेली सायमनची साधी स्मारकशिला आहे. मेहुणा असलेल्या राजा तिसऱ्या हेन्रीला त्याने १२६४ मध्ये ल्यूइसच्या लढाईत कैद केले आणि पुढच्या जानेवारीत परगण्यांच्या सरदारांबरोबर शहरांचे प्रतिनिधीही पार्लमेंटला बोलावले. या कामगिरीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र त्यानेच लेस्टरमधून ज्यूंना हाकलले होते आणि त्याच्या पक्षाच्या लोकांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली, हेही त्या शिळेपाशी उभे राहून आठवलेच पाहिजे.

केनिलवर्थ हा त्याचा बालेकिल्ला मोटारीने सुमारे तासाभरावर आहे. तिथली माहिती बव्हंशी पहिल्या एलिझाबेथच्या मर्जीतल्या रॉबर्ट डडलीभोवती फिरते आणि तोही लेस्टरचाच अर्ल असल्याने नवख्याचा गोंधळ उडतो. सायमनचा काळ पाहायचा तर लाल वालुकाश्माचा जाडजूड मुख्य बुरूज आणि ज्यावरून आपण आत शिरतो तो जुना बांध यांकडे लक्ष द्यावे. या बांधाने अडवलेल्या विस्तीर्ण तलावामुळेच सायमनच्या मृत्यूनंतरही त्याच्या अनुयायांनी १२६६ च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत किल्ला लढवला. अखेर उपासमार आणि रोगराईने त्यांना शरण आणले. तलाव आता आटवलेला असून तिथे गवताळ कुरणे आहेत. किल्ल्याला तिकीट आहे, ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या सभासदांना ते लागत नाही. हिवाळ्यात मात्र उघडण्याच्या वेळा आधी पाहूनच निघावे.