दवाखान्यात भजनी मंडळ काढताय का?

सिस्टर, ब्रदर, डॉक्टर, मावशी अशी मंडळी अध्यात्मासाठी एकत्र बसणार म्हटलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न हाच येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. भजन नाही, प्रवचनही नाही. बसायचं ते पेशंटला कशाचा आधार वाटतो हे समजून घ्यायला. आपली श्रद्धा चपलांसोबत दाराबाहेर.

लंडनला 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटना सांभाळणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. शेवटच्या आजारातलं दुखणं शरीराचं, मनाचं, घरादाराच्या काळजीचं आणि श्रद्धेचं असं एकात एक गुंतलेलं असतं, हे त्यांनी मांडलं. मॉर्फिननं त्यातला एक पीळ सुटतो. बाकीच्यांसाठी हा गट.

आठ-दहा जण पुरेत. वार निवडताना जपा. रविवारी जोतिबा, गुरुवारी नृसिंहवाडी, शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि अंबाबाई. त्यापेक्षा बुधवार बरा. दुपारी दोनला ड्युटी बदलते तिथं सव्वादोन ते तीन ही वेळ धरा, म्हणजे सकाळपाळीची आणि दुपारपाळीची निम्मी-निम्मी माणसं मिळतात. महिन्यातून दोनदा. नवरात्रात आणि चैत्र यात्रेच्या आठवड्यात सुट्टी द्या, एरवीही कुणी येत नाही.

एका बैठकीत एकच पेशंट. नाव नाही, बेड नंबर नाही. आधी मावशी बोलतील, मग सिस्टर, डॉक्टर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला की मावशी गप्प बसतात आणि बैठक फुकट जाते. कारण ‘यंदा वारी चुकली’ हे पेशंट राउंडला सांगत नाही, अंग पुसताना सांगतो.

विचारायचं काय? क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी 1996 साली चार मुद्द्यांची एक पद्धत बसवली. आपल्याकडे ती अशी चालते: काका, अवघड वेळेला आधार कशाचा वाटतो? या दुखण्यात तो पुरतोय का? तुमच्या दिंडीतलं, मठातलं, मशिदीतलं कुणी भेटायला यावं असं वाटतं का? आणि आम्ही काय करू? धर्म विचारू नका. तो केसपेपरवर लिहिलेला असतो आणि त्यावरून काही कळत नाही. उत्तर ‘नातू’ येईल, ‘शेत’ येईल, ‘तालीम’ येईल. ‘देवाबिवावर आपला विश्वास नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे, त्याला पटवायला जाऊ नका.

‘काहीतरी पाप केलं असणार, म्हणून हे दुखणं’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. ‘असं काही नसतं हो’ म्हटलं की बोलणं तिथंच मिटतं. ‘भोग आहेत’ म्हटलं की शिक्कामोर्तब होतं. स्टूल ओढून बसा, ‘असं का वाटतंय?’ एवढंच विचारा आणि पाच मिनिटं गप्प राहा. त्यातून ‘जगून काय करू’ असं निघालं तर जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, तिथल्या तिथं डॉक्टरांना बोलवा. घरी गेल्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहेच.

उरलेली निम्मी अडचण वस्तूंची आणि वेळांची असते. नातेवाईक जोतिबाचा गुलाल आणतात. धाप लागलेल्या पेशंटजवळ तो उधळला की छातीत जातो, म्हणून पुडी बंदच उशाखाली. ऑक्सिजन चालू असेल तिथं निरांजन, उदबत्ती अजिबात नाही. गिळता येत नसलेल्याच्या तोंडात गंगाजळ ओतलं तर ते फुफ्फुसात उतरतं. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करा, घरच्यांचं समाधान होतं. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन पेशंटला रात्री आठला जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि ताट परत गेलं, की साखर खाली येते. डॉक्टरांना सांगून डोस आणि जेवण दोन्ही एकत्रच सूर्यास्ताआधी आणावं लागतं.

लिंगायत पेशंटच्या गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे पूजेचं लिंग, हा दागिना नव्हे. ऑपरेशनआधी ते त्यांनीच काढून घरच्यांच्या हातात द्यावं, ट्रेमध्ये टाकू नये. आणि पुरताना देह मांडी घालून बसवतात. मृत्यूनंतर दोन-चार तासांत ताठरपणा सुरू होतो. नळ्या, कागद, बिल यात दुपार गेली तर पाय वळत नाहीत आणि घरच्यांची फरफट होते. हे बिलाच्या खिडकीपर्यंत पोचवणं गटाचंच काम.

गट मोडतो तो बहुतेक तीन-चार महिन्यांत, आणि कारण ठरलेलं: कुणीतरी एक महाराज होऊन बसतो. मग फोटो येतो, नारळ येतो, वर्गणी येते आणि दुसऱ्या धर्माची माणसं न सांगता गळतात. म्हणून बैठक चालवणारा दर वेळी बदला. व्हॉट्सॲपवर फक्त तारीख टाका, पेशंटबद्दल एक अक्षर नाही. पेशंटनं मागितल्याशिवाय त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना नाही.

भजनाची हौस असेल तर जरूर करा, एकादशीला, कुणाच्या तरी घरी. आम्हीही येऊ. पण युनिफॉर्म घालून नाही.