आमची वाटचाल : आधी सांडपाण्याची वाट

आमचा व्यवसाय उभा राहिला तो गळतीच्या दुरुस्तीवर. नवं न्हाणीघर बांधायला आम्हाला कुणी बोलवत नसे. दुसऱ्यांनी बांधलेल्यातली ओल शोधायला मात्र हमखास बोलवत. फरशी उखडली की खालचं सगळं उघडं पडायचं. वर महागडे नळ, गुळगुळीत टाइल्स आणि खाली उताराच्या नावानं शून्य! ती वर्षं म्हणजे आमची शाळाच.

पुढे अडनिड्या जागांत न्हाणीघर बसवायची कामं येऊ लागली. जिन्याखालचा कोपरा, उतरत्या छपराखालचा माळा, दोन खोल्यांमधली कपाटाची पोकळी. मोठ्या कंत्राटदारांना यात रस नसतो. जागा वीतभर आणि डोकेफोड हातभर. आम्ही नेमकं तेच धरलं.

गिऱ्हाईक शॉवरचं चित्र दाखवतं. आम्ही विचारतो, सांडपाण्याचा उभा पाइप कुठे आहे? पाणी वर चढवण्याचे उपाय बरेच आहेत, पण खाली न्यायला उतारच लागतो. पाइपला मीटरमागे साधारण २ सेंमी ढाळ धरला आणि उभा पाइप ३ मीटरवर असला, तर ६ सेंमी इथेच गेले. त्यावर ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवून वास अडवणारा वळसा, आला. त्यात ५ सेंमी पाणी उभं राहिलंच पाहिजे, नाहीतर गटाराचा वास थेट घरात येतो. हे सगळं फरशीच्या वर बसवायचं म्हटलं तर ओटा १५ ते १८ सेंमी उचलावा लागतो. माळ्यावर मुळात २ मीटर उंची असेल तर अंगावर पाणी घेताना उरते जेमतेम १ मीटर ८२. उंच माणसानं मान वाकवून अंघोळ करायची का, हे तेव्हाच विचारून घेतलेलं बरं. ‘मग ढाळच वाढवा की,’ असंही लोक सुचवतात. पण पाइप फार तिरपा आणि लांब असला, तर वेगानं जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं आणि वास पुन्हा येतोच.

ओटा टाळायचा तर फरशीखाली जाणं आलं. लाकडी मजल्यात पाइप तुळयांना समांतर जात असेल तर काम सोपं. आडवा जात असेल तर तुळईला खाच पाडावी लागते. ती कुठे आणि किती खोल चालेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगतो, प्लंबर नव्हे. काँक्रीटच्या स्लॅबचंही तेच. पाणी पंपानं उपसण्याची सोय बाजारात आहे, पण ती मला मनापासून आवडत नाही. रात्री कुणी अंघोळ केली की घरभर आवाज, आणि वीज गेली की सगळं ठप्प.

विजेच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. बांधकामाचे नियम ठिकाणागणिक वेगळे, पण मुख्य सूत्र बऱ्याच ठिकाणी सारखंच आहे : शॉवरच्या तळापासून २.२५ मीटर उंचीपर्यंतच्या भिजणाऱ्या भागात साधं बटण किंवा सॉकेट नको, दिवा पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारा हवा, आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारं संरक्षण हवंच. जिन्याखाली हे फार आडवं येतं, कारण बऱ्याच घरांत मीटर आणि फ्यूज बोर्ड नेमके तिथेच असतात. बोर्ड हलवायची तयारी नसेल तर काम घेत नाही. अशी बरीच कामं आम्ही सोडली. त्यातली काही दुसऱ्यांनी केली, तेही ठाऊक आहे.

पाण्याच्या दाबाबद्दल थोडक्यात : १० मीटर उंचीला जवळपास १ बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या २ मीटर वर असेल तर हाती लागतो ०.२ बार. त्यावर पावसासारखा बरसणारा भला मोठा शॉवर लावला की धार कसली, नुसते थेंब टपकतात.

आमच्याकडच्या गवंड्यांचा एक हट्ट आम्ही पक्का नियम करून टाकला. टाइल लावण्याआधी जलरोधक थर भिंतीवर चढवायचा, कोपऱ्यांत पट्टी दाबायची आणि सांडपाण्याच्या पाइपचं तोंड बंद करून २४ तास पाणी भरून ठेवायचं. टाइल आणि तिच्या सांध्यांत भरलेलं ग्राउट पाणी अडवतात असं बहुतेकांना वाटतं. अडवतो तो खालचा थर. गिऱ्हाइकाला हा दिवस वाया गेलासा वाटतो, म्हणून तो कोटेशनमध्येच लिहून टाकतो.

अलीकडे उंबरठा नसलेल्या शॉवरची मागणी वाढली आहे, घरात म्हातारी माणसं असली की विशेष. त्यासाठी जागा अरुंद असली तर आम्ही मधोमध जाळी न ठेवता भिंतीलगत लांबट नाली घेतो. ढाळ एकाच दिशेला राहतो, मोठ्या टाइल्स न कापता बसतात आणि चाकाची खुर्ची डगमगत नाही. दार मात्र सरकतं किंवा बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं.