तुम्ही विचारलंत म्हणून: दोन याद्या अन् मधला नंबर

“भाऊ, बॉण्ड तर बंद झाले. आता पक्षाले पैसा कोन देते, हे माहितीच्या अर्जात मागता येते का?”

नाही येत. केंद्रीय माहिती आयोगानं ३ जून २०१३ला सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार कायद्याखाली आणलं, पक्षांनी ते जुमानलं नाही. २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी पक्ष निवडणूक आयोगाला देतात, ती बघा. त्याखालच्यांची नावं तिथं नसतात. हे सांगितलं की पुढचा प्रश्न तयारच असतो, “मंग तुमच्या कायद्याचा उपेग काय?” डोकं तापतं, कारण प्रश्न चुकीचा नाही.

उत्तर मार्च २०२४मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारीला निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव न सांगता पक्षाला देणगी द्यायच्या त्या बॉण्डची, योजना रद्द करून स्टेट बँकेला ६ मार्चपर्यंत तपशील द्यायला सांगितलं होतं. बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली. म्हणे रोखे २२,२१७; घेतले कोणी ते एकीकडे, वटवले कोणी ते दुसरीकडे, जुळवायला वेळ लागेल. ११ मार्चला अर्ज फेटाळला गेला. १४ला निवडणूक आयोगानं दोन याद्या टाकल्या. एकीत घेणारे, तारखा, रकमा. दुसरीत पक्ष, तारखा, रकमा. हजारो ओळी, पण इकडची ओळ तिकडच्या कोणत्या ओळीची, काही कळेना. प्रत्येक रोख्यावर अतिनील प्रकाशातच दिसणारा एक क्रमांक होता, नेमका तोच गाळलेला! १८ मार्चला न्यायालयानं तोही मागितला, २१ला तो आला, अन् मग कोणाचा पैसा कोणाकडे गेला ते लोकांनी घरबसल्या जुळवलं.

तुमच्या गावच्या सिमेंट रस्त्याचंही असंच होतं. खर्चाची यादी मिळते, कामांची यादी मिळते, अन् दोन्हींना बांधणारा नंबर मिळत नाही. म्हणून “रस्त्याची सर्व माहिती द्या” असं लिहू नका. “रस्ता खराब काऊन झाला?” हेही नको, ‘काऊन’ विचारलं की ‘कार्यालयाच्या अभिलेखात नाही’ एवढंच उत्तर येतं. कागदाचं नाव घ्या: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, देयक, प्रमाणक (व्हाउचर). आर्थिक वर्ष टाका. प्रमाणक क्रमांक ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर आधी बघून तोच अर्जात लिहा. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी-जाडी हाती आली की टेप घेऊन रस्त्यावर जाता येतं. नुसत्या बिलावरून ते होत नाही.

जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शुल्काचं पत्र आलं की त्याच दिवशी पैसे भरा, पानाला दोन रुपये. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या तीस दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, अन् पत्र एकोणतिसाव्या दिवशी निघायची खोड जुनीच आहे. तीस दिवस उलटले तर माहिती फुकट, कलम ७(६). पहिलं अपील तीस दिवसांत, वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. यवतमाळ-वाशीमवाल्यांचं अमरावती खंडपीठात, वर्धा-चंद्रपूरवाल्यांचं नागपुरात. तिथं किती थांबावं लागतं ते विचारू नका. जिल्हा परिषदेची फाईल बघायची असेल तर सोमवारी दुपारी तीन ते पाच जा, अर्ज लागत नाही. शासन निर्णय २६ नोव्हेंबर २०१८चा आहे. छापून खिशात ठेवा, कारण टेबलावरच्याला तो आठवत नाही.

पूर्वी मी सांगत असे, दंडाची भीती घाला, दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार. आता सांगत नाही. दंड लावायचा अधिकार माहिती आयोगाचा, आपण फक्त बोट दाखवतो, अन् बोट दाखवलं की टेबलावरचा माणूस ताठरतो. तरी कधी वाटतं, तेव्हाच बरोबर होतो.

आता नवा अडथळा आहे. २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती नाकारायचं, बदललं. आधी व्यापक जनहित दाखवलं तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागे, ती सवलत त्या कलमातून गेली. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं कलम ८(२) शिल्लक आहे, अपिलात तेच लिहा. कंत्राटदाराचं नाव वैयक्तिक की सार्वजनिक, यावर माहिती आयोग काय म्हणेल ते मात्र तुम्हाला आज लिहून देता येत नाही.